टॅब पालथा ठेवायची सवय

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहावी ते आठवी मिळून पट ३४. दिवाळीनंतर शाळेला १२ टॅब आणि एक स्मार्ट टीव्ही मिळाला. टॅब हातात आला की पोरं गेम शोधतात. दोन टॅबच्या काचा फुटल्या. एक पालक शाळेत येऊन "घरी मोबाईल सुटत नाही, आणि तुम्ही शाळेतही तेच देता" असं सुनावून गेले. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख म्हणतात टॅब कपाटात दिसता कामा नयेत, वापर दाखवा. यावर नियमावली कशी करू, असं तुम्ही विचारलंय.

नियमावली सगळ्यात शेवटी करा. मी आधी केली होती. बारा नियम, चांगला फ्लेक्स छापून भिंतीवर लावला. आठवड्याने एका पोराला उभं करून नियम विचारले, तर त्याने सातवा नियम घडाघडा म्हणून दाखवला. "शिक्षकांच्या परवानगीशिवाय इतर अ‍ॅप उघडणार नाही." आणि तो म्हणत असताना बाकावर त्याच्या टॅबमध्ये गाड्यांची शर्यत चालू होती. त्याचा दोष नव्हता. नियम त्याच्या तोंडाला शिकवला होता, हाताला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सव्वीस वर्षं झाली, त्यातली गेली दहा-बारा टॅबच्या संगतीत. टॅब चालवायला पोरांना शिकवावं लागत नाही, उलट तीच आपल्याला शिकवतात. तो खाली ठेवायला मात्र शिकवावं लागतं. मी जे काही करतो ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिला तास असा घ्या. टॅब बंदच. तिघांत एक, बाकावर मधोमध, खाली वही. तुम्ही "पालथा" म्हणालात की काच वहीवर, हात मांडीवर, नजर तुमच्याकडे. "सरळ" म्हणालात की काच परत वर. (वही हवीच. नुसत्या बाकावर पालथा ठेवला की बारीक वाळू काचेला ओरखडे पाडते.) कवायतीसारखं दहा मिनिटं चालवा. पोरं हसतील, हसू द्या. मग टॅब चालू करून त्यांना खेचून घेईल असा व्हिडिओ लावा. मी ज्वालामुखीचा लावतो. लाव्हा उसळायला लागला की "पालथा".

पहिल्यांदा हे केलं तेव्हाचा एक मुलगा मला अजून दिसतो. टॅब त्याने पालथा घातला, पण डाव्या हाताची बोटं खालीच ठेवली. एक कड दीड इंच वर उचलून, मान पार वाकडी करून तो आत बघत होता, विहिरीत डोकवावं तसा. ओरडणार होतो, पण विचारलं, "किती राहिलंय रे?" म्हणाला, "एकच मिनिट, सर." मग सगळ्या वर्गाने ते एक मिनिट पाहिलं. संपल्यावर त्याने स्वतः टॅब पालथा ठेवला आणि बोटंही काढून घेतली. चूक माझी होती. जेवताना ताट ओढून घ्यावं तसं मी ऐन मध्यावर तोडलं होतं. तेव्हापासून थांबायच्या दोन मिनिटं आधी मी फळ्याच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ मारतो. बोलत काही नाही. दुसरी रेघ मारली की पालथा. पहिल्या रेघेला पोरं आवरायला लागतात. महिनाभरात "पालथा" म्हणावंही लागत नाही.

हे एवढं का जपायचं? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय की एकदा लक्ष उडालं की मूळ अभ्यासावर परत यायला मुलाला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपली तासिका ३५-४० मिनिटांची. म्हणजे मधेच एक टुंग वाजलं की अर्धी तासिका गेली. म्हणून पहिले दोन महिने टॅबला नेट देऊच नका. सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचे धडे आदल्या दिवशी उतरवून घ्या, ते नेटशिवाय चालतात. सूचनांचे आवाज बंद करा. अँड्रॉइडमध्ये एकच अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवायची सोय असते, सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सापडेल, ती चालू करा. तरीही कुणीतरी पळवाट काढेलच. त्याला शिक्षा न करता पुढे बोलावून "कशी काढलीस ते दाखव" म्हणा. माझ्याकडे अशा दोन पोरांना मी टॅबचे कारभारी करून टाकलं. पळवाटा तेच बुजवायला लागले, आणि माझ्यापेक्षा बऱ्या बुजवल्या.

आता तुमचं गणित. १२ टॅब, त्यातले दोन फुटके, पट ३४. "प्रत्येकाला एक मिळाला असता तर" असं वाटू देऊ नका. माझं मत विचाराल तर एकेकाला एक टॅब म्हणजे चौतीस बेटं. तिघांत एक असला की बोलणं होतं, भांडण होतं, शिकणं होतं. मी तीन कामं वाटतो आणि त्यांना नावंही तीच: हात, डोळे, वही. 'हात' टॅब चालवतो. 'डोळे' वाचून सांगतो आणि बरोबर की चूक ते तपासतो. 'वही' सापडलेलं आपल्या शब्दांत लिहितो. दर दहा मिनिटांनी काम बदलतं. बदललंच पाहिजे, आणि ते तुमच्या नजरेखाली.

कारण तुम्ही बदल केला नाहीत तर काय होतं ते मी पाहिलंय. टॅब मुलाच्या हातात, वही मुलीकडे. तासभर, महिनाभर, वर्षभर. अक्षर तिचं चांगलं असतं ना, मग तीच लिहिते! 'असर' ही ग्रामीण भागातल्या शिक्षणाची देशभर होणारी पाहणी. तिच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडे. घरी जिच्या हातात फोन येत नाही तिच्या हातात शाळेतला टॅबही आला नाही, तर जबाबदार वापर ती शिकणार कशावर? माझ्या वर्गात एक मुलगी 'हात' व्हायची पाळी आली की "मला नको सर, बिघडला तर?" म्हणून बाजूला सरकायची. तिला काही समजावलं नाही. फक्त टॅब बंद-चालू करायचं काम आठवडाभर तिच्याकडे दिलं. सकाळी बारा टॅब चालू, दुपारी बारा बंद. पुढच्या सोमवारी ती दुसऱ्यांना "असा नको दाबूस, जोरात लागतंय" म्हणून रागावत होती.

डोळे, मान आणि खेळाचा तास

कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचं शिक्षण मंत्रालय) 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येक ३० ते ४५ मिनिटांचं. ती ऑनलाइन वर्गांसाठी होती, आता मुलं समोर बसतात. पण वरची मर्यादा म्हणून मी तो आकडा डोक्यात ठेवतो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर थांबतो. एका तासिकेत पडदा वीस मिनिटं. उरलेला वेळ वही, फळा, तोंड.

डोळ्यांबद्दल व्याख्यान देऊ नका, पोरांना मोजायला लावा. जोडीतला एक शेजाऱ्याशी गप्पा मारतो आणि दुसरा मिनिटभरात त्याच्या पापण्या किती वेळा लवल्या ते मोजतो. मग तोच मुलगा टॅबवर व्हिडिओ बघतो आणि पुन्हा मोजणी. आमच्याकडे एका पोराचे सोळा होते, पडद्यासमोर पाच झाले. सगळा वर्ग "पाच! पाच!" करत त्याच्या डोळ्यांत वाकून बघायला लागला. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. हे त्यांनी स्वतः मोजलं असल्याने पुन्हा सांगावं लागलं नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा असा एक प्रचलित सल्ला आहे. आपल्या वर्गखोलीची लांबीच वीस फुटांच्या आसपास, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लावतो. आमच्या आवारात पिंपळ आहे. दुसरी रेघ, टॅब पालथा, पिंपळ. एकदा त्या वीस सेकंदांत कुणाला तरी फांदीवर घुबड दिसलं आणि पुढचा सगळा तास त्यातच गेला. जाऊ दिला.

टॅब मांडीवर घेऊ देऊ नका, मान मोडते. दप्तराला टेकवून उभा ठेवला की बरं पडतं, आणि डोळ्यांपासून निदान कोपर ते मूठ एवढं अंतर राहतं. टीव्ही कुठे टांगलाय ते एकदा पोरांच्या बाकावर बसून बघा. चोरीच्या भीतीने तो छताजवळ टांगतात आणि पहिल्या बाकावरची पोरं देवळाच्या कळसाकडे बघावं तशी मान वर करून बसतात. समोर खिडकी असेल तर पडद्यात नुसतं आभाळ दिसतं. जुनी साडी पडदा म्हणून पुरते.

एक पालक मला निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का, असं विचारत होते. अशा चष्म्यांवरच्या प्रयोगांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, त्यात नेहमीच्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही आढळलं नाही. त्यांना सांगितलं, पैसे ठेवा आणि पोराला उन्हात खेळू द्या. हे मी मनाने सांगितलं नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसायचा दोष जडला होता, तर बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. म्हणून टॅबची तासिका वेळापत्रकात कुठेही बसवा, खेळाचा तास कापून बसवू नका. तसं करणारी शाळा कितीही डिजिटल असली तरी मला ती मान्य नाही. आणि टॅबवर सारखं डोकं दुखतं म्हणणाऱ्या मुलाला 'नाटकं करतो' म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा त्याचं नाव आधीच काढून ठेवा. फळ्यावरचं नीट दिसत नसूनही न बोलणारी मुलं मला अशीच सापडली.

नेट दिल्यानंतर

दोन महिन्यांनी नेट द्या, पण पहिला प्रश्न नीट निवडा. माझा ठरलेला आहे: महाराष्ट्रात जिल्हे किती? पोरांना वाटतं फारच सोपा. दहा मिनिटांत एक गट म्हणतो ३६, दुसरा ३५, आणि एखाद्या गटाला कुठे तरी २६ सापडतात. मग जुंपते. तिघंही पडदा दाखवतात, "सर, इथे लिहिलंय की!" आता शिकवायची वेळ. राज्य झालं १ मे १९६० ला, तेव्हा जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३५ चे ३६ झाले. कुणीच खोटं लिहिलं नव्हतं, पण पान कधीचं आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. त्याच तासाला आणखी एक करता येतं. ज्या पानावर धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं दिसत नाहीत ते पान किती जुनं असेल, असं विचारा. आमच्या पोरांनी त्यातून स्वतःचे तीन प्रश्न काढले: कधीचं? कुणाचं? दुसरीकडेही आहे का? नियमावली म्हणायची तर माझ्या वर्गात भिंतीवर आता एवढंच आहे, आणि ते त्यांच्याच अक्षरात.

चॅटजीपीटी आणि तसल्या गप्पा मारणाऱ्या यंत्रांबद्दलही विचारलंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं आणि वर्षभरात आमच्या आठवीच्या निबंधांत दिसायला लागलं. 'माझी आई' या निबंधात एकवीस आया एकजात 'त्यागाची मूर्ती' निघाल्या. मी वह्या परत दिल्या आणि म्हटलं, काल आई तुम्हाला कशावरून बोलली ते लिहा. त्या दिवशीसारखे निबंध मला सव्वीस वर्षांत मिळाले नव्हते. एका पोराची आई भाकरी थापता थापता उलथन्याने ओट्यावर ठोका देते, तो एक ठोका म्हणजे "ऊठ" आणि दोन म्हणजे "आता मी येते". हे यंत्राला कुठून कळणार?

मुलांची खाती काढू नका. वयाच्या अटी असतात, आणि आपली बरीच पोरं त्या वयाची नाहीत. मी माझ्या फोनवरून ते टीव्हीवर दाखवतो, सगळ्यांसमोर. पहिला प्रश्न: आमच्या गावाची माहिती दे. त्याने आम्हाला एक नदी दिली. गावाला नदी नाही, ओढा आहे, तोही पावसाळ्यापुरता. एक किल्ला दिला. यात्रा हनुमान जयंतीला भरवली, आमची भैरवनाथाची असते. पोरं बाकावर हात आपटून हसत होती. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्याला माहीत नाही तर तो 'माहीत नाही' का म्हणत नाही?" यावर मी तासभर बोललो असतो तरी तिच्या प्रश्नाइतकं चांगलं काही सांगता आलं नसतं. एवढंच सांगितलं, की गावांबद्दल लोक सहसा काय लिहितात ते वाचून वाचून ते शब्दाला शब्द जोडतं, आपल्या गावात ते आलेलं नाही. तुम्हीही हाच प्रयोग तुमच्या गावाच्या नावाने करा. मोठ्या शहराच्या नावाने करू नका, तिथे ते बऱ्यापैकी बरोबर सांगतं आणि धडा फुकट जातो.

स्टिकरची गोष्ट

आता जे मी चुकलो ते. पोषण आहाराची खिचडी खाऊन एक मुलगा बाकावर डोकं टेकून झोपला, तोंड उघडं. दुसऱ्याने शाळेच्या टॅबवर त्याचा फोटो काढला, घरी कसा नेला देव जाणे, आणि दुसऱ्या दिवशी आठवीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं स्टिकर फिरत होतं. तो मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. मी काय केलं, तर परिपाठाला फोटो काढणाऱ्याला सगळ्यांसमोर उभा करून झाडलं. झालं असं, की ज्यांनी स्टिकर पाहिलं नव्हतं त्यांनीही ते त्या दिवशी शोधून पाहिलं. म्हणजे त्याची जाहिरात मीच केली.

आज असं घडलं तर मी आधी ज्याचा फोटो आहे त्याच्या घरी जाईन. फोटो काढणाऱ्याला एकट्याला बसवीन आणि ज्या ज्या माणसाला पाठवलं त्याला स्वतः फोन करून "काढून टाक" म्हणायला लावीन, माझ्यासमोर. एकेक फोन करताना त्याला कळतं की पाठवायला एक बोट लागलं आणि परत घ्यायला अख्खी दुपार. वर्गाशी बोलायचं ते महिन्याभराने, नाव न घेता.

थट्टेपलीकडचं काही असेल, अश्लील चित्र, धमकी, अनोळखी माणसाची मागणी, तर तिथे आपली शिक्षकी चालवू नका. पुरावा म्हणून ते चित्र स्वतःच्या फोनवर मागवू नका, कुणाला पाठवू नका. मुलांचं तसलं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. मुख्याध्यापक, पालक, पोलीस. मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे दोन क्रमांक मी फळ्याच्या वरच्या पट्टीवर ऑइलपेंटने लिहून घेतलेत, म्हणजे ते पुसले जात नाहीत.

आणि जरा आपल्याकडेही बघू. उपक्रमाचे फोटो, नाचाचा व्हिडिओ, रडणाऱ्या पहिलीतल्या पोराचं गोड रील, हे सगळं आपण शिक्षकच टाकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती हवी असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी, पोराला "टाकू का रे?" असं मी विचारायला लागलो तेव्हा चार-पाच मुली सरळ "नको" म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. न विचारता फोटो काढू नये हे मुलांना शिकवायचं तर सुरुवात इथूनच होते.

ओटीपी आणि आजी

पासवर्डचा धडा बहुतेक ठिकाणी कोरडा होतो. "कुणालाही सांगू नका", बस्स. आपल्या पोरांचं बँकेत खातं असलं तरी ते चालवत नाहीत, त्यांना त्याचं काय? पण घरातला मेसेज वाचून दाखवणारं तेच असतं. आजीच्या निराधार योजनेचे पैसे आले का, बाबांच्या खात्यातून किती कापले, हे बारा वर्षांचं पोर वाचतं. म्हणून मी धडा फिरवला. दोघांना पुढे बोलावतो. एक आजी होते, पदर-बिदर घेऊन. दुसरा बँकेतून बोलतो, "आज्जी, तुमचं कार्ड बंद पडणार आहे, आलेला नंबर सांगा." तिसरं पोर म्हणजे नातू, त्याने काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. पहिल्याच वेळी आमच्या 'आजी'ने फटकन सहा आकडे सांगूनही टाकले होते आणि 'नातू' तोंडावर हात धरून बघत राहिला. दुसऱ्या वेळी नातवाने फोनच ओढून घेतला. आपण घरचे राखणदार आहोत असं कळलं की पोरं हा धडा विसरत नाहीत.

आपला फोन

एकदा मी आठवीला म्हटलं, आजच्या तासाला तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवा. मी फोनला किती वेळा हात लावतो ते मागच्या बाकावरच्याने गुपचूप वहीत रेघा मारून मोजायचं. मला वाटलं दोन, फार तर तीन. तासाच्या शेवटी त्याने वही पुढे केली. चारचारच्या दोन जुड्या आणि वर तीन. अकरा. कधी ऑनलाइन माहिती भरायची होती, कधी केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर 'तातडीने' होतं, कधी नुसतंच. कामाचं होतं असं मी म्हणू शकलो असतो. पोरांनाही त्यांच्या गेमबद्दल तेच वाटतं. तेव्हापासून तास सुरू झाला की माझा फोन टेबलावर, डस्टरशेजारी, पालथा. ऑनलाइन भरणं मोठ्या सुट्टीत किंवा चारनंतर. वरिष्ठांचा एकदा फोन लागला नाही म्हणून मी बोलणी खाल्ली. खाल्ली.

आणि कृपा करून रात्री नऊला ग्रुपवर गृहपाठ टाकू नका. आपल्याकडे फोन बहुधा बापाचा असतो, तो कामावरून येतो आठ-नऊला, मग पोर गृहपाठाच्या नावाने अकरापर्यंत फोन घेऊन बसतं. झोपायच्या वेळी हातात पडदा आपणच दिलेला असतो. गृहपाठ शाळा सुटायच्या आत वहीत.

ते पालक

शाळेत येऊन सुनावून गेले त्या पालकांना चुकीचं ठरवू नका, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यांपैकी आधीच्या आठवड्यात ७६ टक्क्यांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला आणि ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठी. म्हणजे फोन आपण शिकवला नाही. पण त्यातला अभ्यास कुणीतरी शिकवायला हवा, आणि ते काम दुसरं कोण करणार?

त्यांना एकदा तासाला येऊन बसायला सांगा. भाषण नको. मागच्या बाकावर बसू देत आणि दुसरी रेघ मारल्यावर दहाचे दहा टॅब पालथे होतात ते बघू देत. माझ्याकडे असे एक जण आले होते, तास झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, हे रेघेचं घरी कसं करायचं?" मी सांगितलं, घरी रेघ मोठ्या माणसांनाही लागू करावी लागते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावाने हेच केलं. कडेगाव तालुक्यातलं गाव. २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. पोरं अभ्यासाला. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की मालिकेच्या ऐन वेळेला टीव्ही बंद करायचा होता आणि तो मोठ्यांनीच करायचा होता. तुमच्या गावात भोंगा लगेच जमणार नाही. पालक सभेत एक वाडी, एक गल्ली धरा. आमच्याकडे सात घरांनी सुरुवात केली, चार टिकली. चार पुष्कळ झाली.

केंद्रप्रमुखांना वापर दाखवायचाय ना? टॅब हातात घेतलेल्या पोरांचे फोटो पाठवू नका, 'वही'वाल्यांच्या वह्या दाखवा. जिल्ह्यांच्या तासाची वही पाहिली की ते पुन्हा विचारणार नाहीत. विचारलंच तर पापण्या मोजायला बसवा.

फुटलेल्या काचांचे पैसे पालकांकडून मागू नका. मागितलेत तर उद्यापासून निम्मी पोरं टॅबला हातच लावणार नाहीत, आणि त्यात मुली आधी असतील. शाळेच्या वस्तूंच्या वहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला, नोंद करा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या. काच तडकलीय पण चालतोय तो टॅब पोरांच्या हातात देऊ नका, कुसळं बोटात जातात. चिकटपट्टी लावून तो टीव्हीला जोडून ठेवा. आणि टॅब चार्जिंगला लावायचे ते ऑफिसात, टेबलावर, कुणीतरी असताना. रात्रभर नाही. एखाद्याची पाठ फुगल्यासारखी दिसली तर तो त्याच दिवशी बाजूला काढा.